विद्येचे देशांतर : झिंबाब्वेच्या कथासाहित्यातील एक सूत्र

राजाचा मान त्याच्या राज्यापुरता, विद्वानाचा मात्र सर्वत्र, अशा अर्थाचे एक संस्कृत सुभाषित भारतातील शाळांतून पिढ्यानपिढ्या घोकले गेले आहे. त्याच्या मुळाशी एक गृहीत आहे. विद्या ही माणसाच्या ठायी असते, भूमीच्या ठायी नव्हे. म्हणून माणूस जेथे जाईल तेथे ती त्याच्या सोबत जाते आणि तेथेही तिचे मोल तेवढेच राहते, असे ते गृहीत. गेल्या पंचवीस वर्षांत झिंबाब्वेच्या लेखकांनी जे इंग्रजी कथासाहित्य निर्माण केले त्याचे वाचन करू लागल्यावर हे गृहीत डळमळू लागते. या साहित्यात शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, एक न्यायाधीश आहे, संशोधन करणारे विद्यार्थी आहेत. ते देश सोडून गेले आहेत. त्यांची विद्या त्यांच्याबरोबर गेली की नाही, गेली असल्यास कोणती गेली आणि कोणती वाटेत गळून पडली, हा प्रश्न या लेखकांपैकी जे समर्थ आहेत त्यांनी फार बारकाईने विचारला आहे. त्यांच्या यशापयशाचे मोजमापही याच प्रश्नावरून करता येण्याजोगे आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १८ एप्रिल १९८० रोजी ऱ्होडेशियाचा झिंबाब्वे झाला. नव्या राज्याने पहिल्या दशकात जी गोष्ट निर्विवादपणे साधली ती शिक्षणाची. माध्यमिक शाळांची संख्या अनेक पटींनी वाढली आणि साक्षरतेच्या बाबतीत हा देश आफ्रिकेतील अग्रेसर देशांत गणला जाऊ लागला. राष्ट्राचे नेते रॉबर्ट मुगाबे हे मूळचे शिक्षक, आणि तुरुंगात असताना पत्रद्वारा पदव्या मिळविलेले गृहस्थ. ज्या राजवटीने पुढे पदवीधरांना देशोधडीला लावले तिचा प्रमुख असा पदव्यांचा धनी असावा, हा उपरोध कोणत्याही कादंबरीकाराला कल्पनेने सुचला नसता. १९९१ पासूनचा आर्थिक पुनर्रचनेचा कार्यक्रम, नोव्हेंबर १९९७ मध्ये एका दिवसात कोसळलेले चलन, १९९८ मध्ये काँगोच्या युद्धात घेतलेली उडी, २००० पासून शेतजमिनींचा बळाने घेतलेला ताबा, २००५ मधील शहरी वस्त्यांची पाडापाडी आणि २००८ च्या निवडणुकीतील रक्तपात, अशी ही उतरण आहे. २००८ च्या अखेरीस हरारेतील मोठी सरकारी रुग्णालये जवळजवळ बंद पडली होती, आणि त्याच वेळी सुरू झालेल्या पटकीच्या साथीत चार हजारांहून अधिक माणसे दगावली. जानेवारी २००९ मध्ये शंभर लाख कोटी डॉलर दर्शनी किमतीची नोट निघाली. शिक्षकाचा महिन्याचा पगार बसभाड्यालाही पुरेना, अशा अवस्थेत शिक्षक दक्षिण आफ्रिकेकडे आणि बोट्सवानाकडे वळले. परिचारिका व डॉक्टर ब्रिटनकडे गेले. नोव्हेंबर २००२ मध्ये ब्रिटनने या देशाच्या नागरिकांना प्रवेशपरवाना सक्तीचा केला, तोवर लंडनला 'हरारे नॉर्थ' हे नाव पडलेही होते. जोहान्सबर्ग अर्थातच 'हरारे साउथ'.

या माणसांना काय म्हणावे, हा प्रश्न मराठी समीक्षेपुढेही उभा राहतो. 'निर्वासित' म्हणावे तर त्यांतील पुष्कळजण रीतसर परवाना घेऊन, विमानाचे तिकीट काढून गेले. 'स्थलांतरित' हा शब्द शिरगणतीच्या तक्त्यातला; त्यात पाखरेही बसतात. 'परागंदा' हा जुना शब्द त्यातल्या त्यात जवळचा वाटतो, कारण त्यात अब्रूने जगता येईना म्हणून गाव सोडल्याची छटा आहे. परंतु परागंदा होणाऱ्याच्या पदरी बहुधा कर्ज असते किंवा गुन्हा. या माणसांच्या पदरी पदवी होती. तिची लाज वाटण्याचा प्रसंग त्यांच्यावर परदेशात यावा, ही नवी गोष्ट आहे आणि तिला शब्द नाही. झिंबाब्वेच्या लोकांनी स्वतः तो शब्द घडविला, तोही थट्टेने. ब्रिटनमध्ये तू काय करतोस असे कोणी विचारले की 'बीबीसीत आहे' असे उत्तर द्यायचे. घरच्यांना वाटावे की मुलगा आकाशवाणीवर बोलतो. प्रत्यक्षात ही अक्षरे 'ब्रिटिश बॉटम क्लीनर्स' या शब्दांची, म्हणजे वृद्धाश्रमांत म्हाताऱ्यांची ढुंगणे पुसणाऱ्यांची. एका संपूर्ण सुशिक्षित पिढीचे आत्मचरित्र या तीन अक्षरांत मावले आहे.

जुन्या कादंबऱ्यांत परदेशगमनाचा अर्थ निराळा होता. त्सित्सी डांगारेम्बगा यांच्या 'नर्व्हस कंडिशन्स' (१९८८) या कादंबरीतील बाबामुकुरू १९६० मध्ये सहकुटुंब इंग्लंडला जातो आणि पाच वर्षांनी उच्च पदवी घेऊन परततो. त्याच्या स्वागताला सारे गणगोत लोटते. तो मिशनच्या शाळेचा मुख्याध्यापक आणि साऱ्या कुळाचा पोशिंदा होतो. विद्या आणावी आणि वाटावी, असा हा व्यवहार आहे. त्यातील दुखरी बाजू लेखिकेने झाकलेली नाही. मुलगी न्याशा स्वतःच्या घरात परकी होऊन परतते आणि त्या परकेपणाची किंमत शरीराने मोजते. त्याही आधी, चार्ल्स मुंगोशी यांच्या 'वेटिंग फॉर द रेन' (१९७५) मधील लुसिफर हा तरुण परदेशी शिकायला निघताना घराकडे तिरस्काराने पाहतो. तथापि दोन्ही ठिकाणी परदेश हा शिकण्याचा देश आहे. तेथे जाताना हात रिकामे असतात आणि येताना भरलेले. दाम्बुद्झो मारेचेरा यांच्यासारखा बंडखोरही शिष्यवृत्तीवरच ऑक्सफर्डला गेला, तेथून काढला गेला आणि १९८२ मध्ये नव्या राष्ट्रात परतला. २००० नंतरच्या कथेत हा व्यवहार उलटा होतो. आता माणूस शिकून जातो आणि जेथे पोहोचतो तेथे त्याला अशिक्षिताचे काम मिळते.

ही उलटापालट ज्या कादंबरीच्या केवळ विषयात नसून घाटातही उतरली आहे ती म्हणजे तेंदाई हुचू यांची 'द माएस्ट्रो, द मॅजिस्ट्रेट अँड द मॅथमॅटिशियन'. ती २०१४ मध्ये प्रथम बुलावायो येथे प्रसिद्ध झाली, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. परदेशात राहणाऱ्या लेखकाने परदेशाविषयी लिहिलेले पुस्तक आधी स्वदेशातील एका छोट्या प्रकाशनसंस्थेकडे गेले. एडिंबरो शहरात राहणाऱ्या तीन झिंबाब्वेवासी पुरुषांची कथानके तीत आलटून पालटून येतात. त्यांतला मॅजिस्ट्रेट हा बिंडुरा या गावी न्यायदान करीत असे. एडिंबरोत त्याची पत्नी रुग्णालयात परिचारिका आहे आणि तो घरी आहे. ज्या कामांकडे आयुष्यात कधी पाहिले नव्हते ती घरकामे तो शिकतो. रात्रपाळी करून आलेली पत्नी झोपलेली असताना घर शांत ठेवतो. पुढे त्यालाही काम मिळते, वृद्धाश्रमात.

येथवरचा भाग सारांशाने सांगितला तर ही एका पडत्या काळातील गृहस्थाची करुण कहाणी वाटेल आणि तशी ती असती तर तिची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. हुचू यांची खरी दृष्टी पती आणि पत्नी यांच्या विद्यांतील भेद ओळखण्यात आहे. परिचारिकेची विद्या प्रवास करू शकते. ताप, जखम, नाडीचे ठोके यांना राष्ट्रीयत्व नसते. नवा परवाना काढावा लागतो, काही काळ दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करावे लागते, पण हाताला जे ठाऊक आहे ते ठाऊकच राहते. न्यायाधीशाची विद्या तशी नाही. कायदा एका भूमीचा असतो. तो पुस्तकातून शिकता येतो हे खरे. परंतु साक्षीदार कोठे अडखळतो, कोणत्या म्हणीच्या आड लपतो, दोन शेजाऱ्यांच्या भांडणात बांधाचा वाद किती आणि जुने वैर किती, हे ज्याला कळते तोच न्यायाधीश, आणि हे कळणे त्या मातीबाहेर निरुपयोगी आहे. झिंबाब्वेचा कायदा रोमन-डच परंपरेतला आणि स्कॉटलंडच्या कायद्याच्या मुळाशीही रोमन परंपराच आहे. ग्रंथांत जवळचे असलेले हे दोन कायदे प्रत्यक्षात एकमेकांना ओळखही दाखवीत नाहीत. पत्नीचा पगार चालू होतो आणि पतीचे ज्ञान गोठते. दांपत्यातील सत्तेचा तोल त्यामुळे बदलतो. स्वभावाने नव्हे, विद्येच्या जातीने. विद्वान सर्वत्र पूज्य, हे वचन लिहिणाऱ्याने कोणता विद्वान हे सांगितले नव्हते.

मॅजिस्ट्रेट शहरात पायी हिंडतो. कानांत मायदेशाचे संगीत असते आणि एकेका रस्त्याला, चढाला, वळणाला तो एकेक गाणे जोडीत जातो. बहुतेक वाचकांना येथे स्मरणरंजन दिसते. ते येथे आहेही, पण त्याहून अधिक काहीतरी आहे. ज्या माणसाचे सारे कर्तृत्व एका अधिकारक्षेत्राच्या चौकटीत घडले, तो ते क्षेत्र गमावल्यावर पायांनी नवे क्षेत्र आखीत आहे. नोंद करणे, प्रत्येक गोष्ट तिच्या स्थळाशी बांधून लक्षात ठेवणे, ही न्यायासनावरची सवय आहे. हुकूम चालत नाही तेथे निदान नोंद चालते. व्यवसाय हा येथे व्यक्तिरेखेच्या अंगावरचा झगा राहिलेला नाही. तो तिच्या चालण्यात उतरला आहे. (हुचू हे स्वतः एडिंबरोत पायांच्या विकारांवर उपचार करण्याचा व्यवसाय करीत आले आहेत, हे कळल्यावर या पायी हिंडण्याकडे थोडे अधिक कुतूहलाने पाहिले जाते.) पत्नीला कादंबरी 'माय चेनाई' म्हणते, म्हणजे चेनाईची आई. मुलाच्या नावाने आईला हाक मारण्याची ही शोना रीत मराठी घरांना अपरिचित नाही. मॅजिस्ट्रेटला मात्र निवेदक सतत पदनामानेच ओळखतो. पद गेले, त्याचे नाव तेवढे अंगाला चिकटून राहिले. आणि हे पदनाम जितक्या वेळा येते तितक्या वेळा ते किंचित अधिक पोकळ वाजते. एखाद्या तंत्राने एवढे काम क्वचितच केले असेल.

इतर दोन कथानके या तोडीची नाहीत. माएस्ट्रो हा गोरा झिंबाब्वेवासी एका मोठ्या दुकानात फळ्यांवर माल लावतो आणि उरलेल्या वेळी पुस्तकांत बुडून जातो. त्याचे एकाकीपण खरे आहे, पण ते त्याच्या ग्रंथवाचनाच्या याद्यांखाली दडपून जाते. मॅथमॅटिशियन हा सुखवस्तू घरातला, डॉक्टरेटसाठी आलेला तरुण. त्याच्या निमित्ताने एक महत्त्वाची गोष्ट मात्र कळते: देश बुडत असताना त्या बुडण्यावर ज्यांचे भागते अशी घरेही असतात आणि त्यांची मुलेही परदेशीच शिकतात. तिन्ही कथानकांना जोडणारा अल्फोन्सो हा बडबड्या, हास्यास्पद वाटणारा इसम विरोधी पक्षाच्या परदेशी शाखेसाठी माणसे गोळा करतो, त्यांना नोकऱ्याही मिळवून देतो, आणि शेवटी तो कोणाचा माणूस होता हे उघड होते. हेरकथेचे हे वळण कादंबरीला मानवलेले नाही. ज्या कादंबरीने इतका वेळ पावलांच्या गतीने चालायचे ठरविले होते तिने अखेरीस धावायला लागावे, हे तिच्या प्रकृतीच्या विरुद्ध आहे. तथापि त्यामागील निरीक्षण खोटे म्हणता येत नाही. देश सोडला तरी राजवट सुटत नाही.

हेच निरीक्षण ब्रायन चिकवावा यांच्या 'हरारे नॉर्थ' (२००९) या कादंबरीच्या केंद्रस्थानी आहे आणि तेथे ते अधिक निर्दयपणे आले आहे. तिचा अनाम निवेदक शिक्षक नाही, डॉक्टर नाही. तो सत्ताधारी पक्षाच्या तरुण दलातला, 'ग्रीन बॉम्बर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टोळीतला गडी आहे. ज्यांच्या भयाने सुशिक्षितांनी देश सोडला त्यांपैकी एकजण त्यांच्याच मागोमाग लंडनला पोहोचतो आणि आपण विरोधी पक्षाचे छळ झालेले कार्यकर्ते आहोत असे सांगून आश्रय मागतो. मारणाऱ्याने मार खाल्लेल्याची कथा उसनी घेतली. हरारे सोडून आलेली चार माणसे ब्रिक्स्टनमधील एका पडक्या घरात राहतात; त्यांच्याकडे पाहण्याची निवेदकाची नजर उपहासाची आहे. शिकलेल्यांचे ढोंग त्याला चटकन दिसते, स्वतःचे दिसत नाही. चिकवावा यांनी त्याच्यासाठी एक मोडकी, वाकडी इंग्रजी घडविली आहे, जी कोणत्याही एका जमातीची खरी बोली नाही. काही टीकाकारांनी तिला कृत्रिम म्हटले असते तर ते चूक ठरले नसते. परंतु ही भाषा कृत्रिमच असायला हवी होती, कारण निवेदकाचे सारे अस्तित्व बनावट कागदावर उभे आहे. कादंबरीच्या शेवटाकडे तो आणि त्याचा बालमित्र शिंगी यांतील सीमारेषा पुसट होते तेव्हा भाषेचे हे वाकडेपण अर्थपूर्ण ठरते. सुशिक्षितांच्या देशत्यागाची कथा एका अशिक्षित अनुयायाच्या तोंडून सांगितल्यामुळे तिच्यातील आत्मदया आपोआप गळून पडली, हा लाभ थोडाथोडका नाही.

पेटिना गप्पा यांचा 'ॲन एलेजी फॉर ईस्टरली' (२००९) हा कथासंग्रह वेगळ्या प्रकृतीचा. गप्पा या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कायद्यातील वकील, दीर्घकाळ जिनिव्हात. वर ज्या भेदाचा उल्लेख आला त्याला त्यांचे स्वतःचे जीवन हा अपवाद आहे: कायद्याचा हा एक प्रकार कोणत्याच भूमीचा नसतो, म्हणून तो कोठेही चालतो. त्यांच्या कथांत उपरोध प्रधान आहे. एका कथेत जिनिव्हातील वकिलातीचा अधिकारी लॉटरीच्या खोट्या संदेशाला भुलतो. ज्या राज्याने साऱ्या प्रजेला कागदी कोट्यधीश केले त्याचा प्रतिनिधी दुसऱ्या एका कागदी संपत्तीमागे धावतो. 'समथिंग नाइस फ्रॉम लंडन' ही त्यांची कथा मात्र या विषयावरील लघुकथांत अग्रस्थानी ठेवावी लागेल. शिकायला म्हणून लंडनला पाठविलेला पीटर तेथे वारला आहे आणि त्याचे कुटुंब हरारेच्या विमानतळावर त्याच्या शवाची वाट पाहत आहे. विमाने येतात, लंडनहून आलेल्यांचे नातेवाईक सामानाच्या गाड्या ढकलीत बाहेर पडतात. पीटर शिकला नाही. उलट त्याच्या पैशांच्या मागण्या भागविता भागविता घर रिकामे झाले. शव येतच नाही. अखेरीस येते ती रक्षा.

या शेवटापाशी भारतीय वाचकाने सावध राहणे आवश्यक आहे. दहन आणि अस्थिकलश ही हिंदू वाचकाच्या दृष्टीने अंत्यविधीची स्वाभाविक रूपे असल्याने त्याला येथे दुःख जाणवेल, धक्का जाणवणार नाही. शोना कुटुंबात मृताला मातीत ठेवायचे असते. तो पूर्वजांत सामील व्हायचा असतो. देहच आला नाही तर कोणाला पुरायचे? मुलाला परदेशी पाठविण्यात जी आशा गुंतविली होती तिचा एवढासा डबा हाती यावा, यातील विटंबना त्या रीतीच्या संदर्भातच पुरती उलगडते. अनुवादात हरवते ते बहुधा शब्दांत नसते, ते असे विधींत असते.

नोव्हायोलेट बुलावायो यांची 'वी नीड न्यू नेम्स' (२०१३) ही या सर्वांत अधिक गाजलेली कादंबरी. त्या वर्षीच्या बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत ती होती. डार्लिंग ही मुलगी 'पॅराडाइज' नावाच्या झोपडवस्तीतून अमेरिकेत मावशीकडे जाते. नायजेरियाचे कादंबरीकार हेलन हबिला यांनी या पुस्तकावर घेतलेला आक्षेप प्रसिद्ध आहे: पाश्चात्त्य वाचकाला अपेक्षित असलेली आफ्रिका येथे त्याच्यापुढे नाचवली जाते, असा त्याचा रोख. पूर्वार्धापुरता त्यात तथ्यांश आहे. दैन्य, रोग, गर्भवती बालिका, परदेशी मदतनीस अशी परिचित दृश्ये ओळीने येतात. पण या आक्षेपाच्या भरात उत्तरार्ध दुर्लक्षिला गेला. देश सोडणाऱ्यांची आणि परदेशात राहणाऱ्यांची दोन लहान प्रकरणे सामुदायिक स्वरात लिहिलेली आहेत. तेथे कोणी एक बोलत नाही, एक समूह बोलतो किंवा समूहाविषयी बोलले जाते. शिक्षणासाठी आलेले आणि पैशाअभावी शिक्षण सोडून, परवान्याची मुदत उलटू देऊन, मिळेल ते काम करू लागलेले लोक त्यांत आहेत. आईबापांच्या अंत्यविधीलाही त्यांना जाता येत नाही, कारण गेले तर परतता येणार नाही. व्यक्तिरेखा पुसून टाकण्याचा हा मार्ग एरवी कादंबरीला घातक ठरला असता. येथे तो उचित आहे, कारण या माणसांचे एकमेकांपासूनचे वेगळेपण त्यांच्या शिक्षणात आणि धंद्यात होते, आणि तेच त्यांच्याकडून काढून घेतले गेले आहे.

त्याच कादंबरीत फोस्टॅलिना मावशी दूरध्वनीवरून एक वस्त्र मागवीत असते. एक साधा इंग्रजी शब्द ती पुन्हा पुन्हा उच्चारते, पलीकडच्या बाईला तो कळत नाही. संभाषण संपल्यावर ती आरशासमोर उभी राहून तोच शब्द घोकते. ज्या देशात इंग्रजी येणे हीच विद्वत्तेची खूण मानली गेली तेथून आलेल्या बाईची इंग्रजी इंग्रजी म्हणून ओळखलीच जात नाही. हा प्रसंग विनोदी आहे आणि तो विनोदीच राहू दिला आहे, यातच लेखिकेचा संयम दिसतो. इंग्रजी माध्यमाच्या शाळांवर सर्वस्व उधळणाऱ्या भारतीय मध्यमवर्गाला तो अपरिचित वाटू नये.

मराठी साहित्यात परदेशगमनाचे चित्रण नाही असे नाही. परंतु ते बहुतांशी मागे राहिलेल्यांचे आहे. जयवंत दळवी यांच्या 'संध्याछाया' या नाटकातील वृद्ध दांपत्याचा मुलगा अमेरिकेत आहे. रंगभूमीवर त्याची अनुपस्थितीच वावरते. तो तेथे कोणते काम करतो याला नाटकात महत्त्व नाही, आणि असण्याचे कारणही नाही, कारण त्या नाटकाचा विषय वार्धक्य हा आहे. मराठी सुशिक्षित गेला तो चढत्या देशातून अधिक चढलेल्या देशात, आणि बव्हंशी आपल्याच विद्येच्या बळावर. त्याच्या जाण्याचे दुःख कौटुंबिक राहिले, ते व्यावसायिक झाले नाही. झिंबाब्वेच्या लेखकांपुढचा प्रश्न त्यामुळे मराठी लेखकापुढे उभाच राहिला नसेल. आज मात्र तो अगदीच दूरचा राहिलेला नाही. २०२२ मध्ये ब्रिटनने वृद्धसेवकांसाठी परवान्याची वाट मोकळी केली तेव्हा त्या वाटेने गेलेल्यांत भारत, नायजेरिया आणि झिंबाब्वे येथील माणसे आघाडीवर होती. जुलै २०२५ मध्ये ही वाट नव्या परदेशी भरतीला बंद झाली. एडिंबरोच्या वृद्धाश्रमात मॅजिस्ट्रेटच्या शेजारच्या खाटेपाशी एखादी मल्याळी किंवा पंजाबी पदवीधर उभी असणे अशक्य नाही. तिच्याविषयी कोण आणि कोणत्या भाषेत लिहील?

या साऱ्या चर्चेत एक धोका असतो. विद्येचा ऱ्हास सीमा ओलांडल्यामुळेच होतो, असा समज त्यातून दृढ होऊ शकतो. तो खोडून काढणारी कादंबरी पुन्हा डांगारेम्बगा यांचीच आहे. 'धिस मोर्नेबल बॉडी' (२०१८) मध्ये 'नर्व्हस कंडिशन्स'ची नायिका ताम्बुद्झाई प्रौढ झाली आहे. ती विद्यापीठाची पदवीधर आहे, तिने देश सोडलेला नाही, आणि हरारेत तिच्यासाठी जागा नाही. जाहिरातींची वाक्ये लिहिण्याची नोकरी तिने सोडली, कारण तिच्या शब्दांचे श्रेय गोरे सहकारी घेत. मग ती शाळेत शिकवते, मग पर्यटकांना खेडे दाखविण्याच्या धंद्यात शिरते आणि त्यासाठी स्वतःच्याच गावाचे प्रदर्शन मांडायला तयार होते. कादंबरी द्वितीय पुरुषात लिहिलेली आहे. निवेदन ताम्बुद्झाईलाच 'तू' म्हणून पुकारते. स्वतःच्या आयुष्याकडे परक्यासारखे पाहण्याची ही रीत प्रथम वाचकाला बुचकळ्यात टाकते, क्वचित कंटाळाही आणते. पण ती सोडून हे पुस्तक लिहिता आले असते असे वाटत नाही. न्याशा, जी एकदा इंग्लंडहून परकी होऊन परतली होती, ती या कादंबरीत युरोपातून जर्मन पती घेऊन पुन्हा परतली आहे. तिच्याजवळ पैसा नाही, हरारेत तिच्या शिक्षणाला गिऱ्हाईक नाही. गेलेली आणि राहिलेली अशा दोघी बहिणी एका घरात समोरासमोर बसतात, आणि कोणाची विद्या अधिक वाया गेली हे सांगता येत नाही. मॅजिस्ट्रेटने बिंडुरा सोडले नसते तर तो न्यायाधीश राहिला असता काय, हा प्रश्न हुचू यांनी विचारला नाही; डांगारेम्बगा यांच्या कादंबरीच्या उजेडात तो विचारावा लागतो. ज्या न्यायालयाचे निर्णय सत्ता धुडकावून लावते तेथे आसनावर बसलेला माणूसही आपल्या विद्येपासून परागंदाच असतो.

राहता राहिला लेखनाच्या विद्येचा प्रश्न. ती देशांतर करते काय? वर उल्लेखिलेली सर्व पुस्तके इंग्रजीत आहेत, आणि त्यांतली बहुतेक परदेशी प्रकाशकांनी काढलेली. शोना आणि न्देबेले भाषांतील लेखन प्रवास करीत नाही. त्याचा वाचक त्याच भूमीवर आहे, जसा मॅजिस्ट्रेटचा पक्षकार तेथे होता. मुंगोशी यांनी शोना आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आयुष्यभर लिहिले आणि २०१९ मध्ये ते मायदेशीच वारले. त्यांच्या शोना कादंबऱ्यांची कीर्ती मात्र देशाच्या सीमेवर थांबली. भारतीय भाषांत लिहिणाऱ्यांना ही अवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. इंग्रजीतील हे कादंबरीकार एका अर्थाने परिचारिकेच्या जातीचे आहेत. त्यांचे कौशल्य नव्या परवान्यानिशी दुसरीकडे चालले. म्हणूनच की काय, ज्याचे कौशल्य चालले नाही अशा माणसाचे चित्र काढताना हुचू यांचा हात जितका हळुवार होतो तितका तो इतरत्र होत नाही.

बुलावायो यांच्या 'ग्लोरी' (२०२२) या दुसऱ्या कादंबरीत परतणे आहे. जिडाडा नावाच्या प्राण्यांच्या राज्यात डेस्टिनी ही शेळी दहा वर्षांच्या विजनवासानंतर आईकडे येते. नोव्हेंबर २०१७ मध्ये लष्कराने मुगाबे यांना पायउतार केले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये सिंगापूरच्या रुग्णालयात त्यांचा अंत झाला, त्या घटनांची छाया कादंबरीवर स्पष्ट आहे. प्राणिकथेचा घाट घेतल्यामुळे राजवटीचे व्यंगचित्र ठसठशीत झाले, पुनरुक्तीही बरीच झाली. पदवी, परवाना, पगारपत्रक या गोष्टींना त्या घाटात फारसे स्थान उरले नाही. शेळी परत येते ती मुलगी म्हणून. न्यायाधीश म्हणून किंवा डॉक्टर म्हणून परत आलेल्या माणसाची कादंबरी वाचायची तर आजही बाबामुकुरूपर्यंत, १९६५ च्या त्या मिशनच्या शाळेपर्यंत मागे जावे लागते.